प्रमाण

गोव्यातली डिचोली पोर्तुगिजांकडे गेली 1781 च्या सुमारास, पेडणे 1788 मध्ये. तोवर देवळं पाडण्याचा त्यांचा जोर ओसरला होता. म्हणून त्यांच्या या नव्या काबिजादीतली देवळं टिकली आणि गावचे तंटेही देवळातच मिटत राहिले. मूर्तीला पाकळ्या लावून, कुठली पडते त्यावरून प्रसाद मागायचा, नाहीतर देवापुढे उभं राहून प्रमाण करायचं, म्हणजे शपथ घ्यायची.

डिचोलीच्या एका वाड्यावर एकाच झऱ्याचं पाणी पाटानं सहा कुळागरांत जायचं. जवळच्या खाणीचा खड्डा खोल गेला तसा झरा बारीक झाला. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तरी तो पूर्ववत झाला नाही. चैत्र लागला की प्रत्येकाला एकेका रात्रीची पाळी. एका वर्षी सगळ्यात खालच्या कुळागरातल्या विधवा काकींच्या पाळीला पाट कोरडाच येऊ लागला. वर कुणीतरी बांध फोडत होतं.

गाव ग्रामदेवी सातेरीपुढे जमला. वरच्या पाचही जणांनी प्रमाण करायचं ठरलं. तिघं म्हणाले, "मी पाणी चोरलं नाही." चौथे भाऊ गावकर, कडक उपासाचे, पालखीला पहिला खांदा देणारे. ते म्हणाले, "माझ्या हातानं पाट फुटलेला नाही."

पाचवे निवृत्त मास्तर पायरीखालीच थांबले. "मी प्रमाण करणार नाही. देव मी मानत नाही. खोटं बोललो तरी मला भीती कसली? असलं प्रमाण तुमच्या काय कामाचं?"

झालं! ज्याला देवाचं भय नाही तो पाणी कशाला सोडेल, असं जो तो म्हणू लागला. मास्तर चोर आहे का, याचा प्रसादच लावा, असा आग्रह झाला.

म्हाताऱ्या गुरवानं पाकळ्या हातात घेतल्या आणि विचारलं, "उजवी पडली, मास्तर चोर ठरला. उद्या दुसराच कोणी बांध फोडताना सापडला, तर देवी खोटी म्हणणार?"

"छे! आमचीच मागण्यात चूक झाली म्हणू."

"म्हणजे चोर कोण ते बांधावर बघूनच ठरणार. आणि विधवेचं पाणी तोडणं वाईट, हे तर पाकळी लावण्याआधीच ठरलंय. मग आधी बघायचं ते बघू." त्यानं पाकळ्या ताटात ठेवल्या. जन्मभर देवीची पूजा केलेला माणूस हे बोलत होता, म्हणून लोकांनी ऐकून घेतलं. मास्तर बोलले असते तर मार खाल्ला असता.

मास्तरांनी तेवढ्यात विचारलं, "तिघांनी पाण्याचं नाव घेतलं. भाऊंनी हाताचं का?"

गुरव वळला. "भाऊ, पायाचंही प्रमाण करा."

भाऊंची मान खाली गेली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पण देवीला मी खोटं नाही बोललो."

काकी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या पोफळी हातपाय नाय बघत, भाऊ. पाणी बघतत."

भाऊंच्या दोन पाळ्या काकींना मिळाल्या. पाळ्यांची वही मास्तरांकडे आली, तीही प्रमाणाशिवाय. वाड्यावरचे बरेच जण मात्र अजून सांगतात, की भाऊंच्या तोंडून 'हात' हा शब्द देवीनंच वदवला. मास्तर त्यावर वाद घालत नाहीत. पाणी वेळेवर सुटलं की नाही, एवढंच वहीत लिहितात.