लोखंडी दंड

कोल्हापूरच्या एका तालमीत एक उमदा पैलवान होता. मोटारसायकलवरून पडला आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून स्टीलची पट्टी स्क्रूंनी घट्ट बसवली. टाके निघाले, दुखणं थांबलं, कोपर वाकू लागलं. डॉक्टरांनी बजावलं, "हाड जुळायला तीन-चार महिने लागतात. कुस्तीतला पीळ सोसण्याइतकं भक्कम व्हायला त्याहून जास्त. एक्स-रे बघून मी सांगेन तेव्हाच मातीत उतरायचं."

पैलवानानं त्यातलं 'स्टील' तेवढं ध्यानात ठेवलं. तालमीतली पोरं त्याचा दंड चाचपून म्हणायची, "आता काय, लोखंडी दंड!" त्यालाही ते पटत गेलं. वस्तादांनी हटकलं, तर म्हणाला, "वस्ताद, दुसऱ्याचा मोडंल, माझा न्हाई मोडायचा."

शेजारच्या गावच्या जत्रेत मोठ्या इनामाची कुस्ती ठरली. चौथा महिना सरत होता, एक्स-रेची तारीख जवळच आली होती. तेवढाही धीर न धरता गडी लंगोट कसून फडात उतरला. खडाखडी झाली. समोरच्या मल्लानं हात धरून पीळ दिला आणि कडकन आवाज आला. हलगी थांबली.

एक्स-रेत पट्टी जागच्या जागी होती, स्क्रूही हलले नव्हते. पहिली मोड जुळत आली होती. हाड तुटलं होतं ते पट्टीच्या खालच्या टोकाशी, शेवटच्या स्क्रूच्या भोकातून. त्यात मनगटही लुळं पडलेलं. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस दुखावली होती.

"पोलाद असून मोडला कसा, डॉक्टर?" त्यानं विचारलं.

"पोलाद होतं म्हणूनच तिथं मोडला. स्टील हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ असतं. पीळ बसला की हाड किंचित लवतं, पट्टी तेवढी लवत नाही. मग ती जिथं संपते तिथंच ताण गोळा होतो, आणि तिथं स्क्रूचं भोक असतं. शिवाय सगळा भार पट्टीनंच उचलला, तर खालचं हाड विरळ होत जातं. भार पडेल तसं हाड घडतं, हा नियम यूलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ सालीच मांडून ठेवलाय."

शेजारी बसलेले वस्ताद म्हणाले, "आरं, आखाडा उकरायच्या खोऱ्याचा दांडा तडकला तवा तूच त्याला पत्रा मारलास. पुढं मोडला कुठं?"

"पत्र्याच्या कडंला," पैलवान खाली मान घालून म्हणाला.

दुसरं ऑपरेशन झालं. आधीपेक्षा लांब पट्टी आली, कमरेच्या हाडातला चुरा काढून मोडीत भरावा लागला. मनगट वर उचलायला कित्येक महिने गेले. या खेपेला मात्र त्यानं फिजिओथेरपिस्टनं सांगितलं तेवढंच वजन उचललं, दर तारखेला एक्स-रे काढला आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच मातीला हात लावला. इनाम मात्र केव्हाच दुसऱ्याच्या घरी गेलं होतं.

तात्पर्य : बाहेरचा आधार मोडलेलं सावरून धरतो, बळ मात्र ज्याचं त्यालाच, वेळ देऊन कमवावं लागतं. आधारालाच बळ समजून जो मिरवतो, तो आधार संपतो तिथं मोडतो.