दिसणे आणि राहणे

कोणत्याही समारंभात समई एकदाच पेटते. पण प्रमुख पाहुण्यांचा हात मात्र तिच्यापाशी बराच वेळ अडकून राहतो. वातीने ज्योत केव्हाच धरलेली असते, हातातली मेणबत्ती बोटांवर ओघळू लागलेली असते, आणि तरीही पाहुणे समईकडे न पाहता समोर पाहत उभे असतात. कारण समोरून आवाज आलेला असतो, "साहेब, जरा असेच थांबा. अजून एक." पुढे हार, शाल, नारळ, प्रत्येक वेळी तोच हुकूम. एरवी कुणाचेही न ऐकणारी मोठी माणसे या एका माणसाचे निमूटपणे ऐकतात.

यावर हसणे सोपे आहे. फोटोसाठी समारंभ, समारंभासाठी फोटो नव्हे, असा टोमणा आपण सर्वांनीच कधी ना कधी मारला असेल. मला तो पुरता पटत नाही. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतून व्यापारी आणि उद्योजक यांचे मेळावे भरतात. परस्परांची ओळख व्हावी, चहाच्या कपाबरोबर कार्डे हातात पडावीत, चार कामे जुळावीत, एवढाच त्यांचा हेतू. तेथे पैसे घेऊन फोटो काढणाऱ्याचे काम कष्टाचे असते. कोणते पाहुणे हवेतच आणि कोणता फलक मागे दिसलाच पाहिजे, याची यादी यजमान त्याच्या हातात देतो. दिव्याचा झोत तोंडावर न मारता तो छतावर मारतो, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली उतरतो. वक्त्याचे तोंड वेडेवाकडे दिसू नये म्हणून तो दोन वाक्यांमधल्या विरामाची वाट पाहतो. समूहचित्र एकदा काढून भागत नाही. पाच-सहा वेळा काढावे लागते, कारण वीस माणसांत कुणाचे तरी डोळे मिटतातच. सगळे जेवून घरी जातात तेव्हा तो पाचशे चित्रांतून पन्नास निवडीत बसलेला असतो.

तो रचतो, म्हणून तो खोटे बोलतो काय? "पुन्हा एकदा हात मिळवा" असे त्याने सांगितले आणि दोन कारखानदारांनी पुन्हा हात मिळवले, तर त्यात खोटे काय झाले? करार झालेला आहे. दुसरे हस्तांदोलन ही त्याची स्वच्छ नक्कल आहे. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडचे व्यापारी वहीची पूजा करतात. त्या वहीत अक्षर सुबक काढले म्हणून कुणी दोष देत नाही. न झालेला व्यवहार नोंदला तर देतो. समारंभाचा फोटो ही अशीच एक नोंद आहे. फोटो जे सांगतो ते घडले होते का, एवढेच विचारावे.

या कसोटीला सगळेच उतरत नाहीत. अर्ध्या रिकाम्या सभागृहात दूर उभे राहून लांब पल्ल्याच्या भिंगातून भरलेला तेवढाच कोपरा टिपला, तर रांगा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात आणि सभा तुडुंब भरल्याचा भास होतो. यात एकही खुर्ची खोटी नसते, पण सांगितलेली गोष्ट खोटी असते. याच वाटेने पुढे गेले की माणसेही नाहीशी करता येतात. १९३७ साली मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी चालणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह एका चित्रात होता. १९४० साली त्याला गोळी घालण्यात आली, आणि नंतर त्याच चित्रात त्याच्या जागी नुसते कालव्याचे पाणी उरले. तेव्हा या कामाला कसबी हात लागत. आज संगणकाला सांगितले की तो रिकाम्या खुर्च्यांवर माणसे बसवून देतो. मिटलेले डोळे दुसऱ्या चित्रातून आणून उघडे केले तर मी रागावणार नाही. त्या माणसाचे डोळे उघडे होतेच. पण न आलेला माणूस बसवणे ही वहीतली खोटी नोंद होय. पैसे देणारा वहीचा मालक असतो, घडलेल्या गोष्टींचा नव्हे.

येथपर्यंत बहुतेक वाचक माझ्याशी सहमत होतील. खरी अडचण पुढे आहे. घडलेले, अगदी खरे असलेले, ते सारे टिपण्याचा अधिकार फोटोग्राफरला आहे काय?

१८३८ च्या सुमारास दागेर याने पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. ते उमटायला काही मिनिटे लागली. गाड्या, घोडे, येणारे-जाणारे यांपैकी काहीच त्यात आले नाही. जे हलत होते ते पुसले गेले. एक माणूस तेवढा उमटला, कारण तो बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. पायाशी बसलेला पॉलिशवालाही पुसट दिसतो. माणसाचे हे पहिल्यांपैकी एक छायाचित्र. आणि आपण त्यात आहोत हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते. पण तो योगायोग होता. पुढे कित्येक वर्षे माणसाचे चित्र हवे असेल तर त्याला स्थिर बसवावे लागे, आणि बसवायचे तर आधी विचारावे लागे. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, बहात्तर प्रतिनिधी जमले. त्या वेळचे समूहचित्र आपण पुस्तकांतून पाहिलेले आहे. तोवर छायाचित्राच्या काचा पुष्कळ वेगवान झाल्या होत्या. तरी जड कॅमेरा तिपाईवर चढवून मंडळींना रांगांत बसवावेच लागे. आपले चित्र निघत आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. यंत्राच्या मंदपणातच एक सभ्यता दडलेली होती.

यंत्र जलद झाले आणि ती सभ्यता सक्तीची राहिली नाही. आज यजमानाला बैठी चित्रे नको असतात; त्याला नकळत टिपलेले हसू हवे असते. समजा, असल्या मेळाव्याला एक गृहस्थ आले आहेत. सध्याची नोकरी सुटेल अशी त्यांना धास्ती आहे, आणि कोपऱ्यात उभे राहून ते दुसऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाशी हळू आवाजात बोलत आहेत. फोटो छान निघतो: दोघे वाकलेले, चेहऱ्यावर जिव्हाळा, मागे दिव्यांची माळ. रात्री तो जाहिरातीसाठी सर्वत्र जातो, आणि सकाळी त्या गृहस्थांच्या साहेबांच्या टेबलावर पोचलेला असतो. फोटोत तसूभरही खोटे नाही. आणि एका घरातली चूल मात्र धोक्यात आली.

कायदा येथे कोणाच्या बाजूने आहे? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, कुणी मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो पैसे देणारा. काढणाऱ्याला कर्ता म्हटले आहे. चेहरा ज्याचा, त्याचे नाव त्या कलमात नाही. खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. पण जेवणाच्या रांगेत उभा असलेला माणूस तो निकाल खिशात घेऊन फिरत नाही.

यावर कोणी म्हणेल, "चार माणसांत आला, म्हणजे त्याची संमती आलीच." हा युक्तिवाद वरवर सरळ आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या आहेत. सभेत येणारा माणूस तेथे जमलेल्यांना दिसायला तयार असतो. जे तेथे नाहीत त्यांच्यासमोर, तो निघून गेल्यावरही, वर्षानुवर्षे उभे राहायला तो तयार आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. दिसणे वेगळे आणि राहणे वेगळे. मी कादंबऱ्या लिहिते. ओळखीच्या माणसांचे बोलणे, चालणे मीही उचलते. पण नाव बदलते, गाव बदलते, चेहरा बदलते. फोटोग्राफरला ही सोय नाही. म्हणून त्याची जबाबदारी माझ्याहून मोठी आहे.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या; पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या दिवसांतले मोठमोठे समारंभ त्यांनी टिपले. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि २०१२ मध्ये निधन होईपर्यंत पुन्हा त्या व्यवसायात पाऊल टाकले नाही. नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यातली मर्यादा सुटल्याची खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली होती. एवढे जिने टिपले, तिला न टिपण्याचेही मोल ठाऊक असावे, याचे मला नवल वाटत नाही.

मग काय, प्रत्येकाच्या सहीचा कागद घ्यायचा? तसे नाही. यजमानाने दाराशी स्पष्ट सांगावे की येथे फोटो निघतील आणि ते अमुक ठिकाणी लागतील. ज्याला नको असेल त्याला कारण न विचारता बाजूला बसता यावे. फोटोग्राफरने कोपऱ्यातल्या दोघांकडे एकदा पाहून भुवई उंचवावी. त्यांनी मान हलवली तर कॅमेरा खाली घ्यावा. यात एखादे सुंदर चित्र हुकेल. हुकू द्यावे. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला काही किंमत असते. आणि फोटोतल्या हसण्यालाही.

यंदाच्या दिवाळीत घरोघरी फोटो निघतील. पणतीच्या उजेडात बसलेली आजी, फराळाच्या ताटावर ओणवलेली मुले, फार दिवसांनी माहेरी आलेली लेक. त्यांतले पुष्कळ फोटो क्षणार्धात जगभर जातील. पूर्वी यंत्र मंद होते, म्हणून विचारावे लागे. आता विचारावेसे वाटले पाहिजे.