कुर्बान आणि कागदी कचेरी
(मार्क 7:9 ते 13)



या वचनांत प्रभू येशू शास्त्री व परूशी यांस जो दोष लावितो, तो उघड चोरीचा नव्हे. धर्माच्या आडोशाने देणे चुकविण्याचा आहे. वृद्ध आईबाप साह्य मागू लागले की पुत्र म्हणे, माझे द्रव्य कुर्बान, म्हणजे देवास वाहिलेले आहे. एवढे उच्चारिले की तो मोकळा. आईबाप मात्र उपाशी. शब्द पवित्र, रीत मान्य, पण हेतू खोटा.

ही युक्ती आजच्या धनवान जगातही चालते. ॲपल या अमेरिकन कंपनीची एक पोटकंपनी आयर्लंड देशात होती. युरोपात विकलेल्या मालाचा नफा तिच्या वहीत जमा होई. परंतु त्यांतील बहुतेक भाग ‘मुख्य कचेरी’च्या नावे लिहिला जाई. ती कचेरी केवळ कागदावर होती. तीस ना जागा, ना नोकर. जिला गावच नाही, तिजकडे पट्टी मागावयास कोणी जावे? युरोपियन कमिशनने 2016 साली दाखविले की, 2014 साली दर 10 लाख युरो नफ्यामागे कर अवघा 50 युरो पडला. सुमारे 1300 कोटी युरो वसूल करावे, अशी त्याने आज्ञा केली. कंपनी म्हणाली, आम्ही कायदा पाळिला. आणि नवल हे की, ज्यास पैसे मिळावयाचे त्या आयर्लंड सरकारनेही या आज्ञेविरुद्ध दाद मागितली! शेवटी 10 सप्टेंबर 2024 रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने ती आज्ञा कायम केली.

घेणेकऱ्याने आपलेच येणे का नाकारावे? कंपन्यांमुळे लोकांस काम मिळते. कर मागितल्यास त्या दुसरीकडे जातील, ही भीती. त्या भीतीने एक देश कर उतरवितो, तो पाहून दुसरा उतरवितो. केमन बेटांत तर उत्पन्नावर करच नाही. ही उतरण थांबावी म्हणून 2021 साली 130 हून अधिक देशांनी, मोठ्या कंपन्यांवर निदान शेकडा 15 कर असावा, असे ठरविले.

यात हानी कोणाची होते? नफा एका रात्रीत बेटावर जातो; शेत, झोपडी व मजुरी जाऊ शकत नाहीत. म्हणून जो हलू शकत नाही, त्याच्यावर ओझे पडते. गावची विहीर उपसावयाची असता, सर्वांत अधिक पाणी नेणाऱ्यानेच आपले नाव शेजारच्या गावी लिहविले, तर त्याच्या वाट्याचा गाळ कोणी काढावा? साबणाची वडी घेणारी मजूर बाई किमतीतच कर भरिते. तिला मुख्य कचेरी नाही. शाळेत गुरुजी नाही, दवाखान्यात औषध नाही, तेव्हा तोटा प्रथम तिच्याच लेकरांस होतो.

परंतु दूरच्या धनिकांकडे बोट दाखवून आम्ही स्वस्थ बसू नये. दुकानाच्या दोन वह्या ठेवणारे आमच्यातही आहेत. घरपट्टी थकवून रस्त्याबद्दल कुरकुर करणारे आमच्यातही आहेत. आणि आई थोरल्याकडे राहते, सबब आमच्यावर भार नाही, असे म्हणणारा पुत्र कुर्बानच म्हणत नाही काय? तेव्हा कायदा आम्हांस कोठवर मोकळे सोडितो, एवढेच पाहू नये. आम्ही न दिलेले कोणाच्या ताटातून गेले, हेही प्रभूपुढे बसून विचारावे. आणि जे देणे निघेल, ते याच आठवड्यात फेडावे.