गॅरेजमधली शाळा

1951 साली अमेरिकी संसदेच्या समितीनं हॉलिवूडचे नट जेफ कोरी यांना दरडावलं, कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावं सांगा. त्यांनी सांगितली नाहीत. झालं! बारा-एक वर्षं सिनेमाची कामं बंद. पोट तर भरायला हवं. मग घराच्या गॅरेजमध्येच, जिथं गाडी उभी करायची तिथं, अभिनयाचे वर्ग सुरू झाले. जॅक निकल्सन तिथलाच विद्यार्थी. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनही नट कसा घडतो ते बघायला येऊन बसायचे. आणि गंमत म्हणजे, दारं लावून घेतलेले स्टुडिओच आपले नट त्यांच्याकडे शिकायला धाडू लागले! साठच्या दशकात पडदा परत मिळाला. 1969च्या ‘ट्रू ग्रिट’मधला खुनी टॉम चेनी त्यांनीच रंगवला. शिकवणं मात्र सुटलं नाही.