पेटीवरचा आकडा

मागच्या हिवाळ्यात आमच्या नातवाने खाऊच्या पैशांतून डाख देण्याचे बॅटरीवर चालणारे हत्यार विकत घेतले. पेटीवर ठळक छापले होते, ‘8 सेकंदांत 450 अंश’. खाली बारीक अक्षरांत ‘8 वॉट’. शब्बाथच्या दिव्याची जाड पितळी कडी निसटली होती, ती जोडायला स्वारी बसली. तार टोकाला लावताच वितळली. कडीवर मात्र गोळा होऊन थिजली.

“आजी, पेटीवाले खोटं बोलले ना?”

आम्ही ‘हो’ म्हणणारच होतो. पण जन्मभर तापमापक झटकलेल्या माणसाने आकड्याविषयी बोलताना जरा थांबावे.

ही शिसे नसलेली तार, बहुतेक कथील व किंचित तांबे, 227 अंशांना वितळते. म्हणजे टोक त्याहून तापले एवढे खरे. 450 झाले की नाही, ते ती सांगत नाही. ठराविक अंशाला वितळणाऱ्या-उकळणाऱ्या वस्तूंवरून तापमान ओळखण्याची युक्ती तशी आमच्या गावाला परकी नाही. फोरबर्ग स्टेशनाला लागून होफवाइक हे पाण्याने वेढलेले घर आहे. तिथे राहिलेल्या क्रिस्तियान हायगेन्स यांनी 1665 साली एका पत्रात सुचविले की, पाणी गोठण्याचा किंवा उकळण्याचा बिंदू तापमापकाला आधार धरावा. (त्याच वर्षांत स्पिनोझा फोरबर्गात भिंगे घासत होता. आपल्यातलाच, पण आम्स्टरडॅमच्या मंडळींनी 1656 मध्ये बाहेर काढलेला.)

मग बिघडले कुठे? हवेत धरलेले टोक थोड्या उष्णतेनेही तापते. जाड पितळ ती उष्णता ओढून घेते आणि 8 वॉटने ती भरून निघत नाही. काडीची ज्योत केवढी तप्त, पण तिने बादलीभर पाणी कोमटसुद्धा होत नाही. अंश किती हे एक आणि उष्णता किती हे दुसरे. पेटीवाल्याने पहिले मोठे छापले, इतकेच.

इतकेच म्हणताना आम्हांला मुंबईच्या एका इस्पितळातली संध्याकाळ आठवते. आम्ही नोकरीत नवीन होतो. चार वर्षांच्या मुलाला गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून ताप घेतला, 100 भरला. दोन रात्री जागलेल्या त्याच्या आईला म्हटले, “बाई, ताप उतरला हो.” ती धाकट्याला पाजायला घरी गेली. मध्यरात्री पारा 104 वर गेला. मूल आईला हाका मारीत होते आणि आई नव्हती. पुढे मूल बरे झाले. तक्त्यावर आम्ही खोटे लिहिले नव्हते. पण पट्ट्या काढल्यावर ताप पुन्हा चढू शकतो हे आम्हांला ठाऊक होते, तिला नव्हते. तिला धीर यावा म्हणून आम्ही बोललो, पेटीवाला माल खपावा म्हणून बोलला. हा फरक आम्ही पुष्कळ वर्षे मोठा मानला. त्या आईने तो कितीसा मानला असता?

कोकणात आपले वाडवडील तेल मापून देत. माप काठोकाठ भरले, पण तळाला गाळ राहिला, तर गिऱ्हाईक मापाशी भांडत नसे, तेल्याशी भांडे.

नातवाला आम्ही सांगितले, “आकडा कदाचित खरा असेल. पण तू काय समजशील, हे त्यांना माहीत होतं.” त्याने थोडा विचार केला आणि पेटीवरच्या 8 वॉटभोवती पेनाने जाड गोल काढला.

कडी शेवटी शेजारच्या आजोबांनी आपल्या जुन्या, तारेच्या, 100 वॉटच्या हत्याराने जोडून दिली. शुक्रवारी दिवा लावला. नातवाचे हत्यार त्याच्या रेडिओच्या बारीक तारांना उत्तम चालते.