फळाचा हिशेब देवाकडे

सुवार्ता सांगणाऱ्याचा देवावर खरोखर किती भरवसा आहे, हे तो समोरच्या माणसाला किती मोकळं सोडतो यावरून ओळखावं, असं माझं मत आहे. भरवसा कमी पडला की माणूस घाई करू लागतो. मग बोलण्याला धार येते, मदतीला अटी चिकटतात, मैत्रीत हेतू शिरतो. ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास बोलूनच दाखवू नये, हे मला पटत नाही. जी गोष्ट आपल्या जगण्याचा आधार आहे, ती जिवलग मित्रापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवणं ही मैत्रीशीच प्रतारणा आहे. खरी कसोटी लागते ती सांगून झाल्यानंतर.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेगाडीत एक युरोपीय प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा सुरू झाल्या आणि धर्मापर्यंत पोचल्या. त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचा, प्रार्थना करा, एवढं आग्रहाने सांगितलं. पुन्हा त्यांची गाठ पडली नाही. टिळक मात्र हाती पेन्सिल घेऊन वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती समाजाला त्याचा सर्वांत मोठा कवी मिळाला तो असा. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं होतं की कोणी लावतो, कोणी पाणी घालतो, वाढवणारा देव. त्या प्रवाशाने लावलं आणि तो आपल्या वाटेने गेला.

तरीही मला गाडीतल्या त्या भेटीपेक्षा टिळकांच्या घरातला प्रसंग मोलाचा वाटतो, कारण अनोळखी माणसाला मोकळं सोडणं सोपं असतं, घरच्या माणसाला सोडणं फार कठीण. टिळकांच्या धर्मांतराने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडून पडला. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. १८६६च्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टाकडून विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रं लिहीत राहिले, भेटत राहिले, वाट पाहत राहिले. ते काही शांत स्वभावाचे गृहस्थ नव्हते. चांगले तापट होते, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांच्या लहरींचा पाढा लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने वाचला आहे. अशा माणसाने या एका बाबतीत मात्र घाई केली नाही.

पुढे लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपलं सोवळं सोबत घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती उपदेशक आणि बायको त्याच्या हातचं पाणी घेत नाही, हे चित्र मिशनच्या आवारात किती अवघडलेलं वाटलं असेल! पण ते तसंच चालू राहिलं. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना पडला तो स्वतःच्याच मनात, आणि त्याचं उत्तरही त्यांनी स्वतःच शोधलं. आधी सोवळं गेलं, मग विश्वास आला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनी सक्ती केली असती तर कदाचित एक आज्ञाधारक बायको ख्रिस्ती झाली असती. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी बाई तिच्यातून निघाली नसती.

आता दुसरी बाजू. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांमधून बरीच माणसं अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आली. भाकरीसाठी धर्म सोडला, हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांनीही ऐकला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. ज्याची सावलीही गावाला चालत नव्हती, त्याच्या दारात बसणारा आणि त्याच्या पोराच्या हाती पाटी देणारा शिक्षक त्याला कोणत्याही उपदेशाहून अधिक सांगून गेला असेल. आपल्याला माणूस म्हणून कोण वागवतं, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला नेमकं कळतं. पण टोमणा खोटा आहे म्हणून मिशनला सगळंच माफ होत नाही. धान्य देणारा आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असला की भुकेल्याला नाही म्हणणं अवघड जातं, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथल्या होकाराचं काय करायचं?

हाच प्रश्न पुढे कायद्यासमोरही आला. आपल्या घटनेच्या २५व्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. या निकालाने अनेक ख्रिस्ती लोक दुखावले गेले. धर्मांतरविरोधी कायद्यांना त्यातून बळ मिळालं आणि प्रार्थनेला जमलेल्या साध्या माणसांनाही त्याचा त्रास होतो, हे खरं आहे. कायदा म्हणून त्यावर जरूर वाद घालावा. पण माणसाचं मन पालटणं हे देवाचं काम आहे, आपण फक्त साक्षीदार आहोत, हे तर आपली मंडळी दर रविवारी ऐकते.

पुन्हा टिळकांकडे वळतो. त्यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला. संसार होता, घरात माणसांचा राबता होता, पुढची व्यवस्था काहीच नव्हती. देव चालवील, या एका भरवशावर त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले; दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. तो फसला असं म्हणणारे म्हणोत. पगार आणि बाप्तिस्म्यांचा आकडा या दोन्ही खुंट्या एकदम काढून टाकणारा माणूस मला तरी देवावर विसंबणं म्हणजे काय, हे कोणत्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट दाखवतो.

आज मैत्रीतून सुवार्ता सांगण्याची शिबिरं भरतात. कोणाशी ओळख वाढवायची, विषय कधी काढायचा, हे सगळं तिथे शिकवतात. शिकवणाऱ्यांची तळमळ मी नाकारत नाही. पण ज्याच्याशी मैत्री ठरवून केली जाते, त्याला ती एक दिवस कळतेच, आणि मग त्याचा आपल्यावरचाच नव्हे, आपल्या देवावरचाही विश्वास उडतो. म्हणून मंडळ्यांच्या पंचांना आणि पाळकांना माझी विनंती आहे : वार्षिक अहवालातून यंदा किती बाप्तिस्मे झाले, हा रकाना काढून टाका. आणि जो शेजारी कधीच ख्रिस्ती होणार नाही असं तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, त्याच्या आजारपणात त्याच्या उशाशी बसायला आधी जा.