पेटी कोणाच्या मापाची?

दुसऱ्यावर अन्याय करावयास अंगीं दुष्टपणा असावा लागतो, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. पुष्कळदां अन्याय घडतो तो प्रेमाच्या भरांत, घाईनें, आणि दुसऱ्याचें माप घेण्याचा कंटाळा केल्यामुळें. ज्या प्रसंगानें ही गोष्ट आमच्या मनावर ठसली तो वरवर पाहतां क्षुल्लक आहे; तो एका कुत्र्याच्या पेटीचा आहे.

पैठण तालुक्यांतील पाचोड येथें आमच्या वडील बंधूंची मोसंबीची बाग होती. त्यांच्या पश्चात् वहिनींनीं आमच्याकडे पुण्यास राहावयास यावें असें ठरलें, आणि त्यांच्याबरोबर बंधूंच्या कारवान जातीच्या कुत्र्यानेंहि. हे कुत्रे उंच, लांब मानेचे आणि अंगानें सडपातळ असतात. प्रवासासाठीं पेटी हवी म्हणून आम्ही शहरांतील एका दुकानांत गेलों. दुकानदारानें वजन विचारलें. आम्हीं २५ किलो सांगितलें. त्यानें कोष्टक पाहून पेटी दिली. ती पाहून बागेवरचा जुना सालदार म्हणाला, "मालक, मोसंबीला कूस बदलावी लागत न्हाई, ह्याला लागती." ज्या गांवच्या बाजारांत हंगामांत मोसंबीनें भरलेल्या कॅरेटांच्या थप्प्या लागतात, तेथील माणसाचें हें बोलणें. आम्ही हसलों. वहिनींनीं हांक मारतांच कुत्रा निमूटपणें पेटींत शिरला. सहा तास त्यानें मान खालीं घालून आणि अंगाची वळकटी करून काढले. तो एकदांहि केकाटला नाहीं, आणि हेंच आम्हांस आजतागायत बोचतें.

वजनावरून पेटी ठरविणें कां चूक, हें आम्ही मागाहून शिकलों. विमानानें प्राणी नेण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत वजनाला नव्हे, शरीराला प्रमाण मानिलें आहे. नाकाच्या टोकापासून शेंपटीच्या मुळापर्यंतच्या लांबींत पुढच्या पायाच्या कोपराची जमिनीपासूनची निम्मी उंची मिळविली म्हणजे पेटीची लांबी येते. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ती पेटीची रुंदी. उभ्या कुत्र्याचें डोकें किंवा कानाचें टोक, जें उंच असेल तेथपर्यंतचें माप आणि अंथरुणाची जाडी मिळून पेटीची उंची. आमच्या कुत्र्याचीं हीं मापें अनुक्रमें ४०, १४, ९ आणि ३५ इंच भरलीं. म्हणजे पेटी ४७ इंच लांब, १८ इंच रुंद आणि निदान ३६ इंच उंच हवी होती. आम्हीं आणलेली ३६ इंच लांब आणि २५ इंच उंच होती. अंगानें जाड कुत्रा आणि उंच सडपातळ कुत्रा तराजूंत सारखेच भरतात. पेटींत मात्र नाहीं.

प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाहि हेंच सांगतो. ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी व रुंदी प्राण्याला हालचाल करूं देत नाहीं त्यांत त्याला कोंडणें हा अपराध होय. अवाजवी आंखूड सांखळीनें अवाजवी काळ बांधून ठेवणें हाहि अपराधच. जागा आणि वेळ, या दोहोंचाहि हिशेब कायदा मागतो.

येथें कोणी म्हणेल कीं, धनगराचा कुत्रा उघड्या रानांत मेंढवाड्यापाशीं निजतो. कुत्र्याला पेटी हवीच कशाला? परंतु धांवत्या मोटारींत अकस्मात् गति रोखली गेली असतां मोकळेपणा हें स्वातंत्र्य राहत नाहीं, तें संकट होतें. दुसरा म्हणेल, मग मिळेल तेवढी मोठी पेटी घ्यावी. तेंहि बरोबर नाहीं. अति मोठ्या पेटींत प्रत्येक हिसक्यासरशी प्राणी एका भिंतीवरून दुसरीवर आदळतो. तात्पर्य, औदार्य हें मापाच्या जागीं चालत नाहीं. दयेलाहि मोजपट्टी हातांत घ्यावी लागते.

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. कुत्रा आपण होऊन आंत गेला, म्हणून त्याची संमति होती असें म्हणतां येईल काय? आमच्या मतें नाहीं. त्याचा तो विश्वास होता. आणि संमतीपेक्षां विश्वासाचें ओझें अधिक जड असतें, कारण संमति देणारा अटी घालूं शकतो, विश्वास टाकणारा घालीत नाहीं. लहान मुलें, थकलेले आईबाप, आजारी माणसें यांच्यासाठीं आपण जी जी व्यवस्था करितों, तिच्यांत हेंच घडतें. तीं तक्रार करीत नाहींत यावरून सर्व ठीक आहे असें आपण ठरवून टाकितों.

महाभारताच्या अखेरीस इंद्र रथ घेऊन येतो, तेव्हां त्या रथांत युधिष्ठिराला जागा आहे, कुत्र्याला नाहीं. युधिष्ठिर कुत्र्यावांचून रथांत पाऊल ठेवण्याचें नाकारतो. आम्ही ही कथा वर्गांत अनेकदां सांगितली. पण कुत्र्यासाठीं स्वर्ग सोडण्याची वेळ सामान्य माणसावर येत नाहीं. त्याच्यापुढें येते ती वाकून चार मापें घेण्याची वेळ, आणि तेथेंच तो चुकतो.

पुढच्या दिवाळींत पाचोडास जावयाचें ठरलें, तेव्हां आम्हीं कुत्र्याला अंगणांत उभा करून फीत लाविली आणि सुताराकडून पेटी करविली. आठ दिवस ती घरांत दार उघडें टाकून ठेविली. पहिले दोन दिवस तो तिच्याकडे फिरकला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आंत गेला, जागच्या जागीं दोनदां फिरला, आणि अंग पसरून निजला. आम्हांस क्षमा मिळाली असें आम्ही समजत नाहीं. क्षमेचा विचार कुत्रा करीत नसावा. सालदाराची क्षमा मात्र आम्हीं पाचोडास पोंचल्यावर मागितली.